चित्र बिघडलं, पण दोष कुठे? : जुन्या मॉनिटरचं निदान

मंडळी, जन्मभर तत्त्वज्ञान शिकवलेल्या माणसानं कॉम्प्युटरच्या जुन्या मॉनिटरवर काय बोलावं, असं कुणाच्या मनात आलं तर ते रास्तच आहे. पण वर्गात आम्ही ज्याला अनुमान म्हणून शिकवत आलो, ते रोजच्या कामात कसं चालतं हे दाखवायला याहून चांगलं उदाहरण आम्हाला सापडलेलं नाही.

शिवाय प्रश्न खराखुरा आहे. २००१ साली एमकेसीएलची स्थापना झाली, एमएस-सीआयटी सुरू झालं आणि आपल्या फलटणसारख्या तालुक्याच्या गावांतून कॉम्प्युटरचे वर्ग निघाले. तेव्हाचे मॉनिटर म्हणजे पिक्चर ट्यूबचे, मागे पोट सुटलेले जड खोके. त्यातले काही आज माळ्यावर पडून आहेत, काही एखाद्या जुन्या यंत्राला जोडलेले आहेत, आणि जुन्या व्हिडिओ गेमचे शौकीन तर ते मुद्दाम शोधत फिरतात. असा मॉनिटर बिघडला की पहिलं वाक्य ऐकू येतं, "ट्यूब गेली, टाकून द्या." हे कधी खरं असतं, पुष्कळदा नसतं. आणि ते खरं की खोटं, हे ठरवायला बऱ्याच वेळा स्क्रूड्रायव्हरसुद्धा लागत नाही.

आधी चित्र तयार कसं होतं ते पाहू. कार्ल फर्डिनांड ब्राउन या जर्मन शास्त्रज्ञानं १८९७ साली या नळीचं मूळ रूप तयार केलं. काचेच्या निर्वात नळीच्या मानेत, म्हणजे मागच्या निमुळत्या टोकाला, इलेक्ट्रॉन सोडणाऱ्या तीन बंदुका असतात : लाल, हिरव्या आणि निळ्या रंगासाठी एकेक. सुमारे २५ हजार व्होल्टचा दाब त्या इलेक्ट्रॉनना पडद्याकडे ओढतो. पडद्याच्या आतल्या बाजूला चमकणाऱ्या पदार्थाचा लेप असतो, आणि त्याच्या अलीकडे बारीक छिद्रांचा किंवा फटींचा एक धातूचा पत्रा. मानेवर तांब्याच्या तारेची वेटोळी बसवलेली असतात, तिला मेकॅनिक 'योक' म्हणतात. योक चुंबकीय बळानं किरणाला डावीकडून उजवीकडे आणि वरून खाली फिरवतं. अगदी साध्या ६४० बाय ४८० च्या चित्रासाठीसुद्धा किरण सेकंदाला सुमारे साडेएकतीस हजार वेळा आडवा जातो. म्हणजे चित्र एका जागी बनत नाही. कॉम्प्युटर, केबल, मॉनिटरमधली सर्किटं, योक आणि ट्यूब अशी ही साखळी आहे. दोष दिसतो शेवटच्या कडीवर, असतो मात्र कुठल्याही कडीत.

इथे आमचं न्यायशास्त्र येतं. धूर दिसला की अग्नी आहे, हे अनुमान आपण जाणतो. ते बरोबर ठरतं, कारण अग्नीवाचून धूर नाही. पण उलट म्हणून पाहा : अग्नी आहे म्हणून धूर आहे. हे टिकत नाही. तापलेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. धूर यायला लाकूड ओलं असावं लागतं. ही जी लपलेली अट, तिला नैयायिक 'उपाधी' म्हणतात. आणि जो हेतू कधी साध्याबरोबर तर कधी साध्यावाचूनही आढळतो, त्याला 'सव्यभिचार' म्हणतात. "चित्र पिवळट दिसतंय, म्हणून ट्यूब गेली" हे सव्यभिचार हेतूचं नमुनेदार उदाहरण आहे.

का ते बघा. निळा रंग गेला की चित्र पिवळट दिसतं. लाल गेला की निळसर-हिरवट, हिरवा गेला की जांभळट. आता निळा जायची कारणं किती? व्हीजीए केबलला १५ पिनांची जागा असते. पहिल्या तीन पिना लाल, हिरव्या, निळ्यासाठी. तिसरी पिन वाकली असेल. केबलच्या आत तार तुटली असेल. ट्यूबच्या मानेवरच्या छोट्या बोर्डावरचं सोल्डर सुटलं असेल. किंवा निळ्याची बंदूक खरोखरच थकली असेल. लक्षण एक, कारणं चार. त्यातलं एकच कारण ट्यूबचं, आणि लोक नेमकं तेच आधी धरतात.

मग करायचं काय? मॉनिटरचा स्वतःचा मेनू उघडायचा. आधी रंगाची सेटिंग कुणी बदललेली नाही ना, हे पाहायचं. मग मेनूतली पांढरी अक्षरं पांढरी दिसतात का ते बघायचं. हा मेनू कॉम्प्युटरकडून येत नाही, मॉनिटर स्वतः काढतो. अक्षरं पांढरी आणि बाकीचं चित्र पिवळट, तर ट्यूब निर्दोष. दोष केबलमध्ये किंवा त्याच्या अलीकडे. मेनूसुद्धा पिवळा, तर दोष मॉनिटरच्या आत. अर्ध्या मिनिटात साखळीचे दोन तुकडे झाले आणि निम्मी कारणं बाद झाली. ज्या मॉनिटरला मेनू नाही, तो दुसऱ्या कॉम्प्युटरला लावून पाहायचा. मात्र एका वेळी एकच गोष्ट बदलायची. केबल आणि कॉम्प्युटर दोन्ही एकदम बदलले आणि चित्र सुधारलं, तर चित्र मिळालं, ज्ञान नाही मिळालं.

यालाच अन्वय आणि व्यतिरेक म्हणतात. ते असलं की हे असतं, हा अन्वय. ते काढलं की हे जातं, हा व्यतिरेक. नुसत्या अन्वयावर थांबणारा माणूस फसतो. समजा, चित्र पाण्यातल्या सावलीसारखं सारखं हलतंय. आपल्याकडे विजेचा दाब खालीवर होतो म्हणून स्टॅबिलायझर ठेवायची पद्धत, आणि जागा कमी म्हणून तो मॉनिटरच्या अगदी शेजारी. त्यातल्या ट्रान्सफॉर्मरचं चुंबकीय क्षेत्र सेकंदाला ५० वेळा दिशा बदलतं. चित्र सेकंदाला ६० वेळा नव्यानं काढलं जात असेल, तर दोन्हींतला फरक दहाचा, म्हणून चित्र सेकंदाला दहादा डुलतं. स्टॅबिलायझर दोन मीटर लांब सरकवा. डुलणं थांबलं, तर व्यतिरेक सिद्ध. खर्च शून्य. तो लांब नेऊनही, मॉनिटर दुसऱ्या खोलीत ठेवूनही डुलणं राहिलं, तर मॉनिटरमधला एखादा कपॅसिटर सुकल्याची शंका घ्यायची आणि मेकॅनिककडे जायचं.

कोपऱ्यात हिरवा-जांभळा डाग दिसतो, त्याचंही तेच. शेजारचे स्पीकर आधी लांब करा, त्यांच्यात चुंबक असतो. डाग राहिला, तर आतला पत्रा चुंबकित झालेला असतो. मेनूत 'डीगॉस' असतं, ते एकदा दाबा. 'ठण्ण' असा आवाज येऊन चित्र थरथरतं आणि डाग जातो. पुन्हा दाबण्याआधी पंधरा-वीस मिनिटं थांबा, कारण त्यातला एक भाग थंड व्हावा लागतो. तरीही डाग गेला नाही आणि मॉनिटर कधी पडलेला असेल, तर पत्राच वाकला असण्याचा संभव आहे. त्याला उपाय नाही.

उपाधी ओळखण्याचं उदाहरण पावसाळ्याचं. चालू केल्यावर चित्र धूसर, अर्ध्या तासानं स्वच्छ. ट्यूब म्हातारी झाली की असं होतं, हे खरं आहे. बंदुका तापायला वेळ घेतात. पण मानेवरच्या सॉकेटात दमट हवेनं ओल धरली, गंज चढला, तरी फोकस असाच बिघडतो आणि सेट तापला की सुधारतो. मग भेद कसा करायचा? उन्हाळ्यात काय होतं ते आठवा. मे महिन्यातही तसंच होत असेल, चित्र मंद असेल आणि उजळ भाग फासल्यासारखे दिसत असतील, तर ट्यूब थकली. फक्त पावसाळ्यात होत असेल, तर सॉकेट. सॉकेट बदलता येतं.

एक लक्षण मात्र ताबडतोब ओळखावं : सगळं चित्र आवळून पडद्याच्या मधोमध एकच लखलखीत आडवी रेघ उरते. याचा अर्थ किरण वरखाली फिरायचा थांबला. ट्यूब चांगली आहे, नाहीतर रेघही दिसली नसती! बहुधा वरखाली फिरवणाऱ्या आयसीपाशी किंवा योकच्या जोडापाशी ड्राय सोल्डर झालेलं असतं. नव्यानं डाग दिला की काम होतं. पण तोवर सेट चालू ठेवू नका. सगळी ऊर्जा त्या एका रेघेवर पडते आणि पडद्याचा लेप तिथे कायमचा जळतो. चालू ठेवलं, तर चुकीचं निदान आपल्या हातानं खरं होतं.

इथून पुढचं काम जाणत्या मेकॅनिकचं, हे आम्ही स्पष्ट सांगतो. मागचं झाकण घरी उघडू नका, मुलांना उघडू देऊ नका. प्लग काढल्यावरसुद्धा काच वीज धरून ठेवते, कधी कधी कित्येक दिवस. आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये सव्वातीनशे व्होल्टच्या आसपास साठा असतो. शिवाय नळी निर्वात असते. मानेला धक्का बसला तर काच फुटून उडते. मेकॅनिक आधी ट्यूबमधली वीज काढून टाकतो, मगच हात लावतो. तुम्ही त्याच्याकडे "ट्यूब गेलीय" म्हणून जाऊ नका. "मेनू पांढरा दिसतो, पण चित्र पिवळं" असं सांगा. अशा एका वाक्यानं त्याचा तास वाचतो आणि तुमचे पैसे.

आपलं फलटण हे महानुभावांचं मोठं ठिकाण. त्यांच्या दृष्टांतपाठात हत्ती आणि जन्मांधांचा दृष्टांत आहे, तो इथे कुणाला सांगायला नको. केबल विकणाऱ्याला केबलचा दोष दिसतो, कॉम्प्युटरवाल्याला कार्डाचा, नवा मॉनिटर विकणाऱ्याला ट्यूबचा. कुणी खोटं बोलत नसतो. ज्याच्या हाताला जे लागलं, ते तो सांगतो. सगळी साखळी पाहायची जबाबदारी ज्याचा मॉनिटर त्याची.

आणि सगळं तपासून ट्यूबच गेली असं ठरलं, तर? तर तो निर्णय आता आपला झाला, कुणीतरी सांगितलेला नाही. तेव्हाही तो खोका रस्त्यावरच्या भंगारात घालू नका. योकच्या तांब्यासाठी तिथे ट्यूब फोडली जाते, आणि त्या काचेत शिसं असतं. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचऱ्याच्या नियमांप्रमाणे अशा वस्तू नोंदणी असलेल्या पुनर्चक्रण करणाऱ्याकडेच जायला हव्यात.

एवढं बोलून आम्ही थांबतो. कुणाच्या घरी असा मॉनिटर असेल तर त्यांनी जरूर प्रश्न विचारावेत. फक्त कारण आधी सांगू नये, काय दिसतं ते सांगावं.