वाटेवरची घुमटी

नांदेडहून लोहा, माळेगाव, अहमदपूर, चाकूर असा लातूरचा रस्ता धरला म्हणजे कडेला अधूनमधून एखादी लहानशी घुमटी दृष्टीस पडते. तीन बाजूंस दगडी भिंती, वर एक शिळा, समोर उघडे तोंड आणि आत शेंदराने माखलेला दगड, एवढाच तिचा पसारा. उंची कमरेइतकी, दर्शन वाकूनच घ्यावे लागते. माळेगावच्या खंडोबापाशी प्रवासी आवर्जून उतरतो, घुमटीला मात्र चालत्या मोटारीतूनच हात जोडतो. तथापि या प्रांताची जुनी वहिवाट समजून घ्यावयाची असेल, तर तेथेही क्षणभर थांबणे अवश्य आहे.

प्रथम जागेचा विचार करू. गावाची शीव जेथे लागते, वाट जेथे ओढ्यात उतरते, अथवा दोन वाटा जेथे फुटतात, तेथे बहुधा असे ठाणे आढळते. वेशीपाशी मारुती, शिवेवर म्हसोबा, वस्तीबाहेर मरीआई, अशी ही राखणदारांची फळी होय. दामोदर कोसंबी यांनी १९६२ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात पुणे प्रांतातील मातृदेवतांची ठाणी आणि प्राचीन वाटांचे सांधे यांचा संबंध दाखविला आहे. अर्थात देऊळ वाटेच्या कडेला आले असेच नेहमी घडत नाही. पुष्कळदा वाट आणि देव दोघेही एकाच वयाचे असतात. राखणदाराची ही कल्पना किती थोर होऊ शकते, याची साक्ष कंधारच्या परिसरात सापडलेले क्षेत्रपालाच्या प्रचंड मूर्तीचे भग्न अवयव देतात. तोच क्षेत्रपाल शेताच्या बांधावर वीतभर दगडात मावतो.

आता त्या दगडाविषयी. शेंदूर हे शिशाचे तांबडे संयुग होय. ते तेलात कालवून लावले म्हणजे वाळून घट्ट होते आणि वर्षानुवर्षे पुटावर पूट चढते. नाशिक जिल्ह्यातील सप्तशृंगीच्या मूर्तीवरून २०२२ साली असा सुमारे १,८०० किलो लेप उतरविण्यात आला. खेड्यातल्या लेपाखाली कधी नुसता धोंडा असतो, तर कधी वीरगळ अथवा पडलेल्या एखाद्या मंदिराचा कोरीव तुकडा. वीरगळावर बहुधा खाली युद्ध, मध्ये वीराचे स्वर्गारोहण आणि वर लिंगपूजा असे थर असतात. वीराचे नाव लोक विसरले; पूजा चालू राहिली, म्हणूनच तो दगड पायरीत अथवा भिंतीत गेला नाही.

पुष्कळशा घुमट्यांना नेमलेला पुजारी नसतो. पोळ्याला बैल मारुतीपुढून नेतात, लग्नाआधी नवरदेव मारुतीला जातो. मार्गशीर्ष अमावस्येला, म्हणजे येळवशीला, लातूर-नांदेडकडे शेतोशेती कडब्याची कोप उभारतात. आत पाच पांडव म्हणून पाच दगड मांडतात आणि भज्जी व आंबिलाचा नैवेद्य दाखवितात. एका दिवसाचे देऊळ ते हेच.

हा रस्ता आता राष्ट्रीय महामार्ग ३६१ होय. रस्ता रुंदावताना देवांचा प्रश्न उभा राहतोच. सार्वजनिक रस्त्यांवर नवी अनधिकृत प्रार्थनास्थळे होऊ देऊ नयेत, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २००९ साली दिला. जुन्यांचा विचार प्रत्येक प्रकरण पाहून करावयाचा आहे. हा विवेक उचित आहे, कारण हमरस्त्यावरील अडथळा जीवघेणा ठरतो. परंतु हलवाहलवीत दगड बहुधा वाचतो आणि जागा पुसली जाते. जागा पुसली की शिवेची खूणही जाते. म्हणून हलविण्यापूर्वी मूळ स्थळ नकाशावर टिपावे, मुखाची दिशा लिहून ठेवावी, छायाचित्र घ्यावे आणि गावातील वृद्धांची माहिती नोंदवावी. शेंदूर मात्र कोणी खरवडू नये. त्याने कोरीव काम दुखावते आणि शिशाची भुकटी शरीरास विषारी असते. ते काम पुरातत्त्व खात्याच्या जाणकारांकडे सोपवावे.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या परिसरात भूकंप झाला आणि अनेक गावे नव्या जागी वसविण्यात आली. घरे हलली, शेते मात्र होती तेथेच राहिली. अशा वेळी वस्तीचा देव वस्तीबरोबर नेता येतो. शिवेच्या देवाला मात्र शीव सोडून दुसरे घर नसते.