सुगीचा पैसा आणि बारा महिन्यांचा संसार

मालेगाव म्हटले की बहुतेकांना नाशिक जिल्ह्यातले यंत्रमागाचे शहर आठवते. आमचे मालेगाव वाशिम जिल्ह्यातले, तालुक्याचे गाव. तिकडे मागावरच्या कामगाराच्या हातात आठवड्याची मजुरी पडते. इकडे सोयाबीनची सोंगणी झाली, मळणी झाली, माल बाजार समितीत गेला, की ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये एकदाच मोठी रक्कम घरात येते. पुढे जानेवारी-फेब्रुवारीत तूर, कुणाकडे हरभरा. शेत नसलेल्यांचेही तेच. किराणा दुकानदार, शिलाईकाम करणारे, ऑटोवाले, सगळ्यांची उधारी सुगीलाच वसूल होते.

म्हणून आपल्या घरांसाठी काटकसरीचा अर्थ थोडा वेगळा आहे. रोज पोटाला चिमटा काढणारी घरेही जूनमध्ये कर्ज काढताना दिसतात. कारण पैसा दोन-तीन महिन्यांत येतो आणि खर्च बारा महिने चालतो. नोव्हेंबरमध्ये हात सैल सुटला, तर मे महिन्यात कितीही आवळला तरी उपयोग होत नाही.

समजा, बी-बियाणे, खत, मजुरी आणि जुनी देणी भागवून एका घरात 96,000 रुपये उरले. गठ्ठा मोठा दिसतो. मोबाइल बदलावा, नवी गाडी घ्यावी, लग्नात चार पदार्थ वाढवावेत असे वाटते. पण 96,000 भागिले 12 म्हणजे महिन्याला 8,000. त्या घराची खरी मिळकत एवढीच. पैसे आले त्याच दिवशी नवरा-बायकोने वही घेऊन बसावे आणि हा भागाकार मुलांच्या देखत करावा. मग मोबाइलचा प्रश्न भांडणाशिवाय सुटतो.

भाव आपल्या हातात नाही, हेही हिशोबात धरावे. 2024-25 च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला 4,892 रुपये होता, तरी बाजारात बऱ्याच शेतकऱ्यांनी त्याहून कमी भावाने माल विकला. 2025-26 साठी हमीभाव 5,328 झाला. जाहीर भाव धरून खर्च ठरवणे म्हणजे न आलेला पैसा आधीच खाणे. हिशोब नेहमी कमी भावाचा मांडावा. जास्त मिळाले तर ते शिल्लक.

सूरह यूसुफमधील प्रसंग आपण लहानपणापासून ऐकतो. सात वर्षे चांगली पिकतील, मग सात वर्षे दुष्काळाची येतील, म्हणून सुकाळात खाण्यापुरतेच घ्या आणि बाकीचे धान्य कणसातच राखून ठेवा, हा हजरत यूसुफ (अलै.) यांचा सल्ला. स्वप्नाचा अर्थ सांगून ते थांबले नाहीत, साठवण कशी करायची तेही त्यांनी सांगितले. भरवसा अल्लाहवर आणि नियोजन आपल्या हातून, या दोन्ही गोष्टी एकाच प्रसंगात आहेत.

आपल्या घरांत आणखी एक अडचण असते. आपण दोन कॅलेंडरांवर जगतो. पीक ऋतूप्रमाणे येते, सण चंद्राप्रमाणे. हिजरी वर्ष सुमारे 11 दिवसांनी लहान असल्याने रमजान आणि ईद दरवर्षी मागे सरकतात. 2025 मध्ये बकरी ईद 7 जूनला, अगदी मृगाच्या तोंडावर आली. कुर्बानी, पेरणी आणि मुलांची शाळा-कॉलेजची फी, तिन्ही एकाच महिन्यात. पुढील काही वर्षांत ती मे, मग एप्रिलकडे जाईल, म्हणजे सुगीचा पैसा संपत आलेला असेल तेव्हा. 2030 मध्ये तर एकाच इंग्रजी वर्षात रमजान दोनदा सुरू होईल, जानेवारीत आणि डिसेंबरच्या अखेरीस. या तारखा अंदाजे का होईना, आधीच माहीत असतात. म्हणून नोव्हेंबरमध्येच चार पाकिटे वेगळी करावीत: पेरणी, शिक्षण, ईद आणि आजारपण. उरलेल्या रकमेचाच महिन्याचा भागाकार करावा.

हे केले नाही तर काय होते? जूनमध्ये शेकडा तीन रुपये महिना दराने 40,000 उचलले, तर नोव्हेंबरपर्यंत पाच महिन्यांचे 6,000 रुपये व्याज झाले. क्विंटलला 4,200 भाव धरला, तर जवळजवळ दीड क्विंटल सोयाबीन सावकाराच्या घरी गेले. शिवाय जे व्याज आपण हराम मानतो, त्यात स्वतःहून पाय अडकवला. बायकांच्या नावावर गटाचे कर्ज काढून त्याने जुने कर्ज फेडण्याची सवय तर आणखी घातक. हप्ता दर आठवड्याला येतो, पीक वर्षातून एकदा.

ज्यांच्या नावावर शेती आहे त्यांनी बँकेच्या पीककर्जाची चौकशी करावी. डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेत 3 लाखांपर्यंतचे पीककर्ज मुदतीत फेडणाऱ्याला व्याजाची सवलत मिळते. परतफेडीची शेवटची तारीख वहीत मोठ्या अक्षरात लिहावी, कारण ती चुकली की सवलत गेली. मनात शंका असल्यास आपल्या आलिमांना विचारून मगच निर्णय घ्यावा.

भिशी हा आपल्या बायकांचा जुना आणि चांगला मार्ग. बारा जणींनी महिन्याला 1,000 टाकले, तर प्रत्येकीला एकदा 12,000 मिळतात, व्याज नाही. चिठ्ठी टाकण्याऐवजी गरज पाहून क्रम ठरवला तर अधिक बरे: फी भरायची आहे तिला जूनचा, जिच्या घरी बाळंतपण आहे तिला त्या महिन्याचा. बोलीची भिशी मात्र टाळावी. 12,000 ची भिशी घाईने 10,000 ला उचलली, की ते 2,000 व्याजाचेच दुसरे रूप झाले.

‘हलाल नफा’ या शब्दाला भुलू नये. बेंगळुरूच्या आयएमए कंपनीचे प्रकरण 2019 मध्ये उघड झाले, तेव्हा हजारो मुस्लिम कुटुंबांची बचत अडकली. व्यापारात नफा असतो तसा तोटाही असतो. जो दरमहा ठरलेल्या नफ्याची हमी देतो आणि तोट्याचे नाव काढत नाही, त्याच्याकडे पैसे देण्याआधी धंदा कोणता, नोंदणी कुठे, हिशोब कोण तपासतो, हे विचारावे. विचारणे म्हणजे अविश्वास नव्हे.

घरातल्या घरातले उसने पैसेही लिहून ठेवावेत. सूरह बकराच्या 282 व्या आयतीत, कुरआनातील सर्वांत दीर्घ आयतीत, कर्जाचा व्यवहार लिहून ठेवण्याचा आणि साक्षीदार ठेवण्याचा आदेश आहे. तरी “भाऊच तर आहे” म्हणून आपण लिहीत नाही आणि पुढे दोन्ही भावांचे बोलणे बंद होते. रक्कम, तारीख आणि परतीची मुदत, तीन ओळी पुरतात.

जकातीसाठी वर्षातून एक दिवस आपण सोने, रोकड, येणे, देणे मोजतोच. त्याच दिवशी अजून एक पान लिहावे: मागच्या वर्षी या तारखेला काय होते आणि आज काय आहे. जकात आपल्यावर फर्ज नसली तरीही हा हिशोब करावा. आज देणे 40,000 असेल आणि पुढच्या वर्षी ते 25,000 वर आले, तर ते घर पुढे चालले आहे असे समजावे. यंदाचा सोयाबीनचा पैसा घरात येईल त्या संध्याकाळी, तो कपाटात ठेवण्याआधी, वही उघडा.