पहिली तबकडी कोणाची थोर?

पहिलेपणाचे माणसाला मोठे कौतुक. पहिली बैठक जन्मभर आठवते. पुढच्या शंभर बैठका विसरून जातात. तेव्हा इंग्रजी गाण्यांच्या रसिकांत ‘पदार्पणाची सर्वांत थोर ध्वनिमुद्रिका कोणती’ हा वाद वर्षानुवर्षे रंगावा, ह्यात नवल नाही. माझ्या शिकवणीला येणारी कॉलेजची मुले पेटीचा भाता मिटला रे मिटला की हाच विषय काढतात. दरबारी गवयाच्या मुलाला ह्या गाण्याशी काय करायचे आहे, असे आपल्या बडोद्यातील वडीलधारी मंडळी विचारतील. पण वाद साहेबाच्या गाण्याचा असला, तरी त्याच्या तळाशी असलेला प्रश्न आपल्या घरातलाच आहे : शिकणाऱ्याने लोकांपुढे यावे कधी?

जुन्या वाचकांना तीन-साडेतीन मिनिटांची तबकडी ठाऊक आहे. १९०२ साली कलकत्त्यास गौहरजान गायल्या, त्या अशाच तबकड्यांसाठी. १९४८ साली अमेरिकेत कोलंबिया कंपनीने मिनिटाला ३३⅓ फेरे घेणारी दीर्घ तबकडी बाजारात आणली आणि एका बाजूवर वीस-बावीस मिनिटे मावू लागली. एकदोन गाण्यांवर नाव काढणाऱ्याला आता दहाबारा गाणी हवीत, आणि ती एकमेकांशेजारी शोभायलाही हवीत. पहिली दीर्घ तबकडी ही अशी भर चौकातली परीक्षा झाली.

‘पहिली’ कोणती म्हणावी, येथपासूनच भांडण सुरू होते. लॉरिन हिल ह्या गायिकेची १९९८ सालची ध्वनिमुद्रिका अनेक जण अग्रभागी ठेवतात. पण ‘फ्यूजीस’ ह्या संचात असताना तिच्या दोन ध्वनिमुद्रिका आधीच निघाल्या होत्या. मग एकटीने गायली ते पदार्पण, की संचातून आली ते? ती गायिका मोठी, ह्यात शंका नाही. परंतु लोकांपुढे ती आधीच आलेली होती, म्हणून ह्या वादात मी तिला बाजूला ठेवतो.

बीटल्सचे तसे नाही. त्यांची ‘प्लीज प्लीज मी’ १९६३च्या मार्चमध्ये निघाली. तीत १४ गाणी. चार आधीच मुद्रित झाली होती. उरलेली दहा ११ फेब्रुवारी १९६३ ह्या एकाच दिवशी, सकाळी दहापासून रात्री पावणेअकरापर्यंत, लंडनच्या ॲबी रोडवरील ध्वनिमुद्रणगृहात जॉर्ज मार्टिन ह्यांच्या देखरेखीखाली गाऊन झाली. जॉन लेननला त्या दिवशी सर्दी होती. म्हणून घसा फाडून म्हणायचे ‘ट्विस्ट अँड शाउट’ शेवटी ठेवले. पहिल्याच दमात ते उतरले; दुसऱ्यांदा म्हणू जाता आवाजाने साथ सोडली. तबकडीवर आहे ते पहिल्या दमाचेच. ही ध्वनिमुद्रिका इंग्लंडात ३० आठवडे पहिल्या स्थानावर राहिली.

‘एका दिवसात केलेली तबकडी’ असे तिचे वर्णन होते, ते मला पटत नाही. १९६० ते १९६२ ह्या काळात ही मुले जर्मनीतील हांबुर्ग बंदरात पाच वेळा जाऊन आली होती. तेथील क्लबांत रात्रीमागून रात्री, तासन्‌तास, गोंगाट करणाऱ्या गिऱ्हाइकांपुढे ती गात होती. १९६२च्या पहिल्या दिवशी डेक्का कंपनीने त्यांची परीक्षा घेतली आणि त्यांना नाकारले. फेब्रुवारीतला तो दिवस म्हणजे ह्या साऱ्या रात्रींचे उत्तर होते. गळा बसलेला असताना गाणे उभे राहते, ते रियाजाच्या पायावर.

मुलांचा आक्षेप असा, की १४पैकी सहा गाणी उसनी होती. आपल्याकडे हा आक्षेप कोणी घेणार नाही. बंदिश गुरूची असते. ती आपल्या गळ्यातून कशी निघते, त्यावर गवई जोखला जातो.

बॉब डिलनची गोष्ट उलटी. त्याची पहिली ध्वनिमुद्रिका मार्च १९६२ची. मुद्रणाच्या वेळी वय अवघे वीस, १३ गाण्यांत त्याची स्वतःची दोन. ती फारशी खपली नाही आणि कंपनीतच तिची टिंगल झाली. पण जॉन हॅमंड ह्या जाणत्या माणसाने त्याचा हात सोडला नाही. पुढच्याच वर्षी दुसरी ध्वनिमुद्रिका आली, तीत बहुतेक गाणी त्याची स्वतःची, आणि तिने त्याचे नाव गाजवले. थोर पदार्पणांच्या यादीत डिलन कदाचित बसणार नाही; थोरांच्या यादीतून त्याला कोण काढील?

सर्वांत अवघड दावा ‘व्हेल्व्हेट अंडरग्राउंड’चा. अँडी वॉरहॉलच्या केळ्याचे चित्र वेष्टनावर मिरवणारी त्यांची पहिली ध्वनिमुद्रिका १९६७ साली निघाली आणि अमेरिकेच्या खपाच्या यादीत १७१व्या क्रमांकाच्या वर काही चढली नाही. पुढच्या पिढ्यांनी मात्र तिच्यातून वाटा काढल्या. तिच्यात जॉन केल व्हायोलाच्या तारेवर एकच स्वर धरून बसतो. असा स्वर धरण्याची सवय त्याला ला माँट यंग ह्या संगीतकाराच्या मेळात लागली. त्या यंगला स्वराच्या ह्या सातत्याची ओढ लागली, तीत अली अकबर खाँसाहेबांच्या १९५५ सालच्या अमेरिकेतील दीर्घ तबकडीवरील तंबोऱ्याचा वाटा होता. पुढे १९७०पासून तो किराणा घराण्याच्या पंडित प्राणनाथांकडे शिकला. न्यूयॉर्कच्या त्या कर्कश गाण्याच्या मुळाशी आपल्या तंबोऱ्याचा हा धागा आहे, हे कळल्यावर मी ती तबकडी पुन्हा ऐकली. गोड वाटली नाही; पण समजली.

माझे मत कोणाला? वाटा उघडण्याचा मान ‘व्हेल्व्हेट’चा, हे मी मान्य करतो. बीटल्सनीही पुढे ह्याहून सरस रचना केल्या. परंतु पदार्पणाची परीक्षा निराळी : आजवर जे कमावले, ते एका बैठकीत लोकांपुढे ठेवता येते का? ह्या कसोटीवर ‘प्लीज प्लीज मी’ला मी पहिली बसवतो.

आता मूळ प्रश्न. पूर्वी तबकडी काढायला कंपनीचा दरवाजा ठोठवावा लागे आणि दरवाजा बंद झाला की माणूस पुन्हा रियाजाला बसे. आज सोळा वर्षांचा मुलगा रात्री खोलीत गाणे मुद्रित करतो आणि सकाळी ते जगभर पोहोचते. आईबाप पेढे घेऊन येतात आणि विचारतात, “मास्तर, आता अल्बम काढू का?” त्यांना नाही म्हणणे बरे नव्हे आणि हो म्हणणे त्याहून बरे नव्हे. म्हणून मी त्यांना दोन गोष्टी सांगतो. हांबुर्गच्या रात्री कोणाला चुकल्या नाहीत. तेव्हा मुलाला आधी समोर बसलेल्या माणसांपुढे गाऊ द्या. गणपतीत, लग्नाघरी, जेथे लोक मधेच उठून जातात अशा ठिकाणी. आणि एवढे करूनही पहिली तबकडी फसली, तर डिलनची दुसरी आठवा, आणि मुलाला दुसऱ्या दिवशी पहाटे तंबोऱ्यापुढे बसवा.