खांब, तुळया आणि वाडीतला क्रूस

आज मुंबईला जाऊ, पण उंच इमारती बघायला नाही. गिरगावात खोताची वाडी आहे. आत शिरलं की कोकणातल्या गावात आल्यासारखं वाटतं. ही जमीन दादोबा वामन खोत या पाठारे प्रभू गृहस्थांची. त्यांच्याकडून ती ईस्ट इंडियन कुटुंबांनी घरांसाठी घेतली. ईस्ट इंडियन म्हणजे इथलेच, मराठी बोलणारे ख्रिस्ती. हे नाव त्यांनी १८८७ साली घेतलं. त्यांच्या बायका लुगडं नेसत. उन्हाळ्यात कुटलेला मसाला त्या बाटलीत ठासून भरतात, म्हणून त्याचं नावच बॉटल मसाला!

इथल्या जुन्या घरांचा भार लाकडी सांगाड्यावर असतो. आधी खांब, त्यांवर आडव्या तुळया, वर वासे आणि कौलं. एका लाकडाला दांडा ठेवायचा, दुसऱ्याला खाच पाडायची, की जोड घट्ट बसतो. भिंत फक्त आडोशाला. पुढे पडवी, लाकडी कठडा, आणि जिना बाहेरून. त्यामुळे वरच्यांना खालच्यांच्या घरातून जावं लागत नाही.

घरात देव्हाऱ्यासारखी जागा असते: येशू-मरियेच्या मूर्ती, मेणबत्ती, जपमाळ. वाडीत एक छोटं चॅपल आणि क्रूसही आहे. क्रूसाला झेंडूचे हार घालतात, आपल्या देवाला घालतो तसेच. १८९६ साली मुंबईत प्लेग आला, तेव्हा वस्त्यावस्त्यांत असे क्रूस उभे राहिले. आपल्याकडे मरीआईला साकडं घालत, तसंच हे.

पूर्वी वाडीत ६५ घरं होती म्हणतात. आता तिशीच्या आत उरली आहेत. जागेला सोन्याचा भाव आहे, आणि लाकडाची डागडुजी करणारा सुतार सहज मिळत नाही.

तुमच्या गावातल्या देवळाचा सभामंडपही असाच लाकडी असेल, तर एक गोष्ट बघा. खांब दगडी तळखड्यावर का बसवतात? जमिनीची ओल लाकडात चढू नये म्हणून. पुष्कळ ठिकाणी नवी फरशी घालताना खांबाचा पाय सिमेंटात बुजवतात. मला हे मुळीच पटत नाही. ओल आत कोंडते, मग वाळवी लागते, आणि चार वर्षांनी सगळे म्हणतात, "लाकूडच कुजकं होतं, पाडा आता." पावसाळ्याआधी कौलं चाळून घ्या, खांबाचा पाय मोकळा ठेवा. तळाशी मातीच्या बारीक नळ्या दिसल्या तर ती वाळवीच. वेळीच सुतार बोलवा.