अपघातस्थळीचे चित्रीकरण आणि रुग्णाचा खासगीपणा

मुंबई–कोलकाता राष्ट्रीय महामार्ग देवरीतून जातो. पूर्वीचा क्रमांक ६, आताचा ५३. या मार्गावरील जखमी आमच्याकडे पोहोचण्यापूर्वीच पुष्कळदा त्याचे चित्रण गावभर फिरलेले असते. एकेकाळी लग्नघरी दिसणारा कॅमेरा आता दुकानाच्या दारात आणि प्रत्येकाच्या खिशात आहे.

उचलणारे हात थोडे आणि चित्रण करणारे अधिक, असे का व्हावे? माणुसकी आटली म्हणणे सोपे आहे. परंतु पोलिसांचा ससेमिरा आणि कोर्टाच्या खेपा यांची धास्तीही त्यामागे असते. सर्वोच्च न्यायालयाने ३० मार्च २०१६ रोजी मदतकर्त्यांच्या संरक्षणाची मार्गदर्शक तत्त्वे बंधनकारक केली आणि २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १३४-अ आले. सद्भावनेने मदत करणाऱ्यावर नाव सांगण्याची सक्ती नाही. रुग्णालयालाही त्याच्याकडे पैसे मागता येत नाहीत.

चित्रणाला आमचा सरसकट विरोध नाही. वाहन कोठे चेपले, जखमी कोठे फेकला गेला, हे छायाचित्रावरून कळल्यास आतील दुखापतीचा अंदाज बांधण्यास डॉक्टरांना मदतच होते. ते डॉक्टरांना वा पोलिसांना अवश्य दाखवावे. मात्र रक्तबंबाळ, अर्धवस्त्र माणूस शेकडो मोबाइलवर फिरावा, तोही घरच्यांना निरोप जाण्याआधी, हा त्याच्यावरील दुसरा आघात होय. खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय २४ ऑगस्ट २०१७ रोजी झाला. शुद्ध हरपल्याने तो हक्क संपत नाही.

आमचे कॅमेरेही याच कसोटीस उतरले पाहिजेत. ते प्रवेशद्वारी, नोंदणी खिडकीवर व व्हरांड्यांत आहेत. तपासणी कक्ष, प्रसूतिगृह व शस्त्रक्रियागृहात नाहीत. वागणुकीची वा बिलाची तक्रार असल्यास नातेवाइकांनी लवकर लेखी अर्ज द्यावा, कारण यंत्रातील जागा भरली की जुने चित्रण आपोआप पुसले जाते. अर्ज मिळताच त्या वेळेचे चित्रण वेगळे राखले जाते. न्यायालयात नुसती प्रत पुरत नाही. जालना मतदारसंघाच्या २०१४ च्या विधानसभा निवडणुकीच्या खटल्यात निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या कार्यालयातील चित्रणावरून वाद झाला. मूळ यंत्र हजर केले नसेल तर प्रतीसोबत प्रमाणपत्र आवश्यक, असे सर्वोच्च न्यायालयाने १४ जुलै २०२० रोजी त्यात स्पष्ट केले.

येत्या वर्षाच्या अंदाजपत्रकात कॅमेऱ्यांच्या देखभालीशेजारीच अपघात विभागातील खाटांभोवतीच्या पडद्यांचा खर्च धरला आहे. आहेत ते पडदे अपुरे पडतात.