संकेतस्थळाचा पाया बदलतो तेव्हा

कृष्णेच्या खोऱ्यात पावसाने जोर धरला की सांगलीच्या आयर्विन पुलापाशी पाणी किती फुटांवर आहे, हा घरोघरचा प्रश्न होतो. ४० फूट ही तेथील इशारा पातळी व ४५ फूट ही धोका पातळी होय. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात पाणी ५७ फुटांच्या वर गेले होते. जुलै २०२१ मध्ये साताऱ्याच्या पाटण तालुक्यात दरडी कोसळल्या आणि त्याच पावसाने सांगलीत पुन्हा पूर आणला. अशा दिवसांत कोयना धरणातून किती विसर्ग सुरू आहे, कोणते मार्ग बंद आहेत, निवारा कोठे उघडला आहे ही माहिती नागरिक भ्रमणध्वनीवर शोधतात. ती जेथे सापडावी अशी अपेक्षा असते ते शासकीय संकेतस्थळ नेमके त्याच वेळी उघडले नाही, तर तिची जागा अफवा घेते. संकेतस्थळ कोणत्या आज्ञावलीवर उभे आहे, ती शेवटची केव्हा अद्ययावत झाली आणि ते कोणाच्या संगणकावर ठेवले आहे, हे प्रश्न म्हणूनच केवळ तंत्रज्ञांचे राहिलेले नाहीत.

सातारा व सांगली या दोन्ही जिल्ह्यांची शासकीय संकेतस्थळे राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या ‘एस-थ्री-वास’ या सामायिक मंचावर चालतात. सुरक्षित, विस्तारक्षम व सुगम्य संकेतस्थळ एक सेवा म्हणून पुरविणे, असा या नावाचा आशय आहे. पूर्वी प्रत्येक जिल्ह्याचे संकेतस्थळ स्वतंत्रपणे घडविले जाई. त्याची रचना, त्यातील दोष आणि त्याची दुरुस्ती हे सारे त्या त्या जिल्ह्याचे असे. सामायिक मंचावर आज्ञावलीतील सुधारणा मध्यवर्ती पातळीवर एकदाच होते आणि तिचा लाभ सर्वांना मिळतो. मजकुराची जबाबदारी मात्र जिल्ह्याकडेच राहते. जिल्हाधिकारी कार्यालयात पुराचे पाणी शिरले किंवा शहराची वीज गेली तरी संकेतस्थळ बंद पडण्याचे कारण नाही, कारण ते त्या कार्यालयात ठेवलेलेच नसते. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राची राष्ट्रीय माहिती केंद्रे दिल्ली, पुणे, हैदराबाद व भुवनेश्वर येथे आहेत.

ही झाली जिल्हा पातळीवरील व्यवस्था. शाळा, महाविद्यालये, सहकारी संस्था व अनेक ग्रामपंचायती यांनी मात्र आपली संकेतस्थळे खाजगी व्यावसायिकांकडून करवून घेतलेली असतात आणि खरी अडचण तेथे उद्भवते. अशी पुष्कळशी संकेतस्थळे ‘वर्डप्रेस’ या मुक्त आज्ञावलीवर उभी असतात. २००३ साली सुरू झालेल्या या आज्ञावलीवर आज जगातील चाळीस टक्क्यांहून अधिक संकेतस्थळे चालतात. ती विनामूल्य मिळते, परंतु जागेचे भाडे, देखभाल आणि जाणत्या माणसाचा वेळ या तिन्ही गोष्टींना मोल पडते, हे अंदाजपत्रक तयार करताना बहुधा विसरले जाते.

बदल कोठे आदळतो

संकेतस्थळाची तुलना इमारतीशी केल्यास मजकूर हे सामान, वर्डप्रेस ही इमारत आणि ‘पीएचपी’ ही संगणकीय भाषा तिचा पाया असे म्हणता येईल. इमारतीत सुधारणा केली की कधी कधी पायाही नवा लागतो. जुलै २०२४ मध्ये आलेल्या वर्डप्रेसच्या ६.६ या आवृत्तीने पीएचपीची ७.२ पूर्वीची रूपे स्वीकारणे बंद केले. दुसरीकडे, ज्यांच्या संगणकावर संकेतस्थळ ठेवलेले असते त्या होस्टिंग कंपन्याही जुनी पीएचपी काढून टाकतात, ७.४ या आवृत्तीची सुरक्षाविषयक देखभाल नोव्हेंबर २०२२ मध्येच थांबली. अशा रीतीने दोन्ही बाजूंनी बदल होत असता मध्ये सापडतात ती पाच-सात वर्षांपूर्वी बसविलेली आणि नंतर कोणीही न पाहिलेली जोड-आज्ञावली, म्हणजेच प्लगइन. पीएचपीच्या जुन्या आवृत्त्यांत ज्या चुकांकडे काणाडोळा केला जाई, त्यांतील काही चुकांवर आठवी आवृत्ती काम तेथेच थांबविते. परिणामी पडद्यावर कोरे पांढरे पान दिसते. मजकूर नष्ट झालेला नसतो, पण नागरिकाच्या दृष्टीने तो नसल्यासारखाच.

बदल न करणे हाही उपाय नव्हे. ‘ड्रुपल’ या दुसऱ्या प्रसिद्ध आज्ञावलीची सातवी आवृत्ती जानेवारी २०११ मध्ये आली व ५ जानेवारी २०२५ रोजी तिची अधिकृत देखभाल संपली. चौदा वर्षांचा हा अवधी लहान नव्हे. तरीही अशी आवृत्ती त्यानंतर वापरीत राहणे म्हणजे नव्याने सापडणारी प्रत्येक फट उघडी ठेवणे होय.

कधी बदल कारभाराच्या पद्धतीतच होतो. डिसेंबर २०१८ मध्ये वर्डप्रेसच्या पाचव्या आवृत्तीने मजकूर भरण्याचा जुना चौकोन काढून ‘गुटेनबर्ग’ नावाचा, ठोकळे रचून पान जुळविण्याचा संपादक आणला. मुद्रणकलेच्या जनकाचे हे नाव सांगली जिल्ह्यातील वाचकास परके वाटू नये. मिरजेत १८०५ साली तांब्याच्या पत्र्यांवरून भगवद्गीता छापली गेली होती. ते असो. जो लिपिक अनेक वर्षे सवयीने निविदा आणि सूचना चढवीत होता, त्याला एका सकाळी पडदाच अनोळखी झाला. आज्ञावली बदलताना प्रशिक्षणासाठी दोन दिवस ठेवले गेले पाहिजेत, असे त्यामुळेच सुचवावेसे वाटते.

मराठी अक्षरांचा प्रश्न

मराठी संकेतस्थळांपुढे इंग्रजीला न भेडसावणारी आणखी एक अडचण असते. युनिकोड रूढ होण्यापूर्वी आपल्याकडे श्रीलिपी, शिवाजी, योगेश, सुरेख अशा निरनिराळ्या टंकांत मजकूर तयार होई. या टंकांत संगणकाच्या दृष्टीने अक्षर इंग्रजीच असे. त्याला मराठी रूप तेवढे देण्यात येई. असा मजकूर नव्या मंचावर नेला की टंक गळून पडतो आणि रोमन अक्षरांचा निरर्थक गुंता उरतो. तो युनिकोडमध्ये रूपांतरित करता येतो, परंतु जोडाक्षरे व रफार हमखास बिघडतात. म्हणून रूपांतरित मजकूर माणसाने वाचून तपासणे अपरिहार्य ठरते.

युनिकोड मजकूरही स्थलांतरात धोक्याबाहेर नसतो. जुन्या माहितीसंचाची अक्षरसंकेत पद्धती नव्याशी जुळली नाही तर दोन प्रकार घडतात. पडद्यावर चित्रविचित्र चिन्हे दिसली तर घाबरण्याचे कारण नाही, कारण मूळ अक्षरे आत शाबूत असतात व योग्य संकेत लावल्यास परत येतात. परंतु अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग साठविली गेली असेल, तर मूळ अक्षर कायमचे गेले. तेथे आधी घेतलेल्या प्रतीवाचून इलाज नाही. प्रत घेतली आहे एवढ्यावर समाधान न मानता ती दुसऱ्या संगणकावर उघडून, त्यातील मराठी वाचून पाहावी. अनेक ठिकाणी ही शेवटची पायरी गाळली जाते.

पत्ता बदलला, कागद कोठे गेला?

१९४९ साली दक्षिण सातारा जिल्हा वेगळा झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. तासगाव किंवा वाळवे तालुक्यातील जुना कागद शोधणाऱ्यास तो सातारा जिल्ह्याच्या नावाखाली शोधावा लागतो, हे अभिलेख कक्षातील कर्मचारी जाणतात. संकेतस्थळाचा मंच बदलला की प्रत्येक पानाचे असेच होते. जुना पत्ता आदेशांत, पत्रव्यवहारात व लोकांच्या दूरध्वनीत साठलेला असतो. नवी रचना त्याला ओळखत नाही. जुन्या पत्त्यावर आलेल्या वाचकास आपोआप नव्या पानावर नेण्याची तजवीज करता येते, मात्र त्यासाठी जुन्या सर्व पत्त्यांची यादी स्थलांतरापूर्वी काढावी लागते. नंतर ती मिळत नाही.

ही केवळ सोयीची बाब नव्हे. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ च्या कलम ४ अन्वये सार्वजनिक प्राधिकरणाने आपली कर्तव्ये, नियम, अंदाजपत्रक इत्यादी माहिती स्वतःहून प्रसिद्ध करून दरवर्षी अद्ययावत करावयाची असते. स्थलांतरात ही पाने गळाली, तर कायद्याने दिलेली गोष्ट हातातून निसटली असेच म्हणावे लागेल. २०२५ मध्ये राज्य शासनाने शंभर दिवसांच्या सात कलमी कार्यक्रमात कार्यालयांच्या संकेतस्थळांचा समावेश केला, त्यामागील हेतूही नागरिकास ही माहिती सहज मिळावी हाच होता. केंद्राच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार प्रत्येक शासकीय संकेतस्थळास एक जबाबदार वेब माहिती व्यवस्थापक नेमलेला असणे अपेक्षित आहे. त्याचे नाव कागदावरच राहिले, तर मोठा बदल आला असता निर्णय कोणी घ्यावयाचा हेच ठरत नाही.

ग्रामपंचायत सदस्य व मुख्याध्यापक यांनी आपल्या संस्थेपुरते काही प्रश्न व्यावसायिकास लेखी विचारावेत. संकेतस्थळाच्या पत्त्याची नोंद कोणाच्या नावे आहे? ती व्यावसायिकाच्या नावे असल्यास त्याचा व संस्थेचा संबंध संपताच पत्ताही जातो, आणि नूतनीकरण चुकलेला पत्ता कोणीही अन्य व्यक्ती विकत घेऊ शकते. मुख्य संकेतशब्द संस्थेच्या मोहोरबंद पाकिटात आहे काय? पीएचपीची कोणती आवृत्ती चालू आहे? नवी आवृत्ती प्रत्यक्ष संकेतस्थळावर घालण्यापूर्वी तिची चाचणी वेगळ्या प्रतीवर घेतली जाते काय? यांतील पहिल्या दोहोंची उत्तरे समाधानकारक नसतील तर उरलेले प्रश्न विचारण्यापूर्वी ती दोन कामे उरकावीत.

संकेतस्थळात घुसखोरी झाल्याचे आढळल्यास २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार ती बाब सहा तासांच्या आत ‘सर्ट-इन’ या केंद्रीय यंत्रणेस कळवावी लागते. हे निर्देश शासकीय संस्थांनाही लागू आहेत.

राहिला प्रश्न मुहूर्ताचा. कृष्णा, वारणा व कोयनेच्या काठच्या तालुक्यांत मोठा बदल जून ते सप्टेंबर या काळात हाती घेऊ नये, असे आमचे मत आहे. तातडीची सुरक्षा दुरुस्ती तेवढी याला अपवाद. ती कोणत्याही महिन्यात, त्याच दिवशी व्हावी. आज्ञावलीची मोठी आवृत्ती, नवी जागा अथवा नवा मंच यांसाठी दिवाळीनंतरचे आठवडे सोयीचे पडतात, आणि जुने संकेतस्थळ निदान एक महिना बंद न करता बाजूस ठेवावे.