एकहाती आज्ञावली-लेखन आणि आवृत्ती-नियंत्रण

संगणकाच्या आज्ञावलीत होणाऱ्या प्रत्येक बदलाची क्रमवार नोंद ठेवणाऱ्या व्यवस्थेस आवृत्ती-नियंत्रण असे म्हणतात. ही व्यवस्था अनेकांनी मिळून करावयाच्या कामासाठीच आहे, असा समज सर्वत्र आढळतो. त्यामुळे एकट्याने आज्ञावली लिहिणारा अभ्यासक सहसा तिच्या वाटेस जात नाही; 'अंतिम', 'अंतिम-२', 'अगदी अंतिम' अशा नावांच्या प्रती साठवून तो आपले काम निभावून नेतो. शब्दगणना, प्रत्ययविच्छेद, बोलींची तुलना अशा कामांसाठी भाषाभ्यासकही आता स्वतःच आज्ञावल्या लिहू लागले आहेत. म्हणून हा समज कितपत खरा आहे, हे तपासून पाहणे अगत्याचे ठरते.

या समजाला इतिहासाचा काही आधार आहे. १९७२ साली बेल प्रयोगशाळेत मार्क रॉचकाइंड यांनी या प्रकारची पहिली महत्त्वाची व्यवस्था रचली. १९८६ मध्ये डिक ग्रून यांनी सिद्ध केलेली सीव्हीएस ही व्यवस्था अनेकांना एकाच वेळी काम करता यावे याकरिताच होती. आज सर्वाधिक प्रचारात असलेली गिट ही व्यवस्था लिनस टॉरवल्ड्स यांनी २००५ साली लिनक्सच्या गाभ्यासाठी, म्हणजे जगभर विखुरलेल्या असंख्य लेखकांच्या कामासाठी, निर्माण केली. तथापि एखादे साधन कोणासाठी जन्मास आले, यावरून ते कोणाच्या उपयोगी पडेल हे ठरत नाही.

आवृत्ती-नियंत्रणाची कार्ये मुख्यतः तीन आहेत: अनेकांचे बदल एकत्र जुळविणे, प्रत्येक बदल कारणासह नोंदविणे, आणि कोणत्याही पूर्वस्थितीकडे परत जाता येणे. यांपैकी पहिल्याची एकट्याला गरज क्वचितच भासते. उरलेल्या दोहोंचा मात्र माणसांच्या संख्येशी काहीच संबंध नाही. त्यांचा संबंध काळाशी आहे. आज्ञावलीतील एखादी ओळ आज ज्या कारणास्तव लिहिली, ते कारण सहा महिन्यांनी तिच्या लेखकासही आठवत नाही. या अर्थाने एकटा लेखकही आपल्या भावी स्वतःशी सहकार्यच करीत असतो.

एक कल्पित उदाहरण घेऊ. मराठी मजकुरातील नामांचे विभक्तिप्रत्यय वेगळे काढून मोजणारी एक आज्ञावली आहे. शब्दान्ती 'ला' दिसल्यास तो तोडावा, असा नियम संशोधकाने तीत घातला. 'मुलाला' या शब्दाच्या बाबतीत तो योग्य ठरतो. परंतु 'कला' या शब्दाचा 'क' उरतो आणि 'गेला' या क्रियापदाचा 'गे'. पुढे अपवादांची यादी आली, ती वाढली, मधूनच एक नियम गळला. प्रबंधात छापलेले कोष्टक यांपैकी कोणत्या दिवसाच्या नियमांनी तयार झाले, हे परीक्षकाने विचारल्यास 'अंतिम-२' हे नाव काय उत्तर देणार? गिटमध्ये प्रत्येक नोंदीबरोबर त्या वेळची सर्व कागदपत्रे, दिनांक, कारण आणि मागील नोंदीची खूण जतन होते; स्वतः नोंदीलाही एक स्वतंत्र खूण मिळते. ती खूण कोष्टकाखाली दिली, की प्रश्नाचे उत्तर तेथेच मिळते.

दोष शोधण्याच्या कामीही या नोंदी उपयोगी पडतात. हजार नोंदींपूर्वी गणना बरोबर होती आणि आज ती चुकते, असे दिसल्यास मधली नोंद तपासावयाची. ती बरोबर असेल तर दोष उत्तरार्धात, नसेल तर पूर्वार्धात. अशा रीतीने निम्मे निम्मे वगळीत गेल्यास सुमारे दहा तपासण्यांत दोषाचे उगमस्थान सापडते. गिटमध्ये यासाठी स्वतंत्र आज्ञाच आहे.

मराठीच्या अभ्यासकास ही दृष्टी अपरिचित नाही. शके १५०६ मध्ये, म्हणजे इ. स. १५८४ साली, एकनाथांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. हे कार्य थोर होते. परंतु कोणता पाठ कोठे व का टाकला, याची ओळवार टिपणे आपल्यापुढे नाहीत. उलट पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने महाभारताची जी चिकित्सक आवृत्ती १९६६ मध्ये पूर्ण केली, तीत स्वीकृत पाठाखाली पाठभेदही दिलेले आहेत. त्यामुळे संपादकांचा निर्णय वाचकास पडताळता येतो. आवृत्ती-नियंत्रण आज्ञावलीस हीच सोय उपलब्ध करून देते.

या साधनाच्या मर्यादाही ध्यानात घ्यावयास हव्यात. नोंदींचा संग्रह त्याच संगणकावर राहिल्यास यंत्राबरोबर तोही नष्ट होतो. त्याची प्रत अन्यत्र ठेवावीच लागते. 'किरकोळ बदल' असे कारण लिहिल्यास नोंद असून नसल्यासारखी होते. निवेदकांची नावे किंवा खाजगी माहिती एकदा नोंदीत गेली, की ती मागाहून पुसणे जिकिरीचे असते; ती आरंभापासूनच बाहेर ठेवावी. देवनागरी मजकुराची आणखी एक अडचण आहे. 'ऱ' हे अक्षर एका संकेतांकाने लिहिता येते, तसेच 'र' आणि नुक्ता अशा दोन संकेतांकांनीही. डोळ्यांना दोन्ही सारखीच दिसतात, पण व्यवस्थेस तो बदल वाटतो. म्हणून मजकूर प्रथम एकरूप करून घ्यावा. तुलना ओळीओळीने होत असल्यामुळे प्रत्येक वाक्य स्वतंत्र ओळीवर ठेवणेही सोयीचे.

एका बैठकीत लिहून टाकून द्यावयाच्या दहा ओळींसाठी हा खटाटोप अनावश्यक आहे, हे मान्य करावयास हरकत नाही. परंतु जिच्या फलितावर एखादे विधान छापले जाणार आहे, अशी आज्ञावली एकट्याने लिहिलेली असल्यास नोंदींची गरज कमी होत नाही, उलट वाढते. अनेकांच्या कामात एकाचे विस्मरण दुसरा भरून काढतो. एकट्याजवळ त्या नोंदींखेरीज दुसरा साक्षीदार नसतो.